तक्त्यातला आकडा म्हणजे लिमिट नव्हे: ऑरगॅनिक केमिकल प्लांटच्या सांडपाण्याचे अमेरिकी नियम, नवख्यांसाठी

ऑरगॅनिक केमिकल प्लांटच्या सांडपाण्याचं काम नव्याने अंगावर आलं की माणूस आधी काय करतो, तर नियमातला तक्ता उघडतो, बेंझीनसमोरचा आकडा बघतो, शेजारी लॅबचा रिपोर्ट ठेवतो आणि ठरवून टाकतो की आपण पास. तक्त्यात ३७ लिहिलंय, आपल्या पाण्यात ३० आलंय, झालं काम. आणि हे चुकीचं असू शकतं, कारण या नियमात तक्त्यातला आकडा म्हणजे लिमिट नाहीच, तो आकडा गुणिले पाण्याचा फ्लो म्हणजे लिमिट, आणि त्या फ्लोमध्ये कुठलं पाणी धरायचं नि कुठलं नाही यातच निम्मं काम आहे. म्हणून आपण तक्त्याकडे जरा उशिरा जाऊ.

इथे सगळं बोलणं अमेरिकेच्या फेडरल नियमांबद्दल आहे, म्हणजे ईपीएच्या (तिथली पर्यावरण संरक्षण संस्था) नियमावलीतला टायटल ४०, पार्ट ४१४. याला सगळे ओसीपीएसएफ म्हणतात, ऑरगॅनिक केमिकल्स, प्लास्टिक्स अँड सिंथेटिक फायबर्स.

आधी थोडं मागचं

क्लीन वॉटर ॲक्ट ऑक्टोबर १९७२ मध्ये आला, राष्ट्राध्यक्ष निक्सननी व्हेटो केला होता तो काँग्रेसने उडवून लावला. या कायद्याची मूळ कल्पना अशी की नदी किती घाण झालीय हे नंतर बघू, आधी त्या इंडस्ट्रीत चांगली ट्रीटमेंट लावली तर पाणी किती स्वच्छ होऊ शकतं ते बघा आणि तेवढं सगळ्यांकडून घ्या. याला टेक्नॉलॉजी बेस्ड लिमिट म्हणतात. पुढे १९७६ मध्ये एनआरडीसी या पर्यावरणवादी संस्थेबरोबर कोर्टात तडजोड झाली आणि ईपीएला विषारी पदार्थांकडे वळावं लागलं, त्यातूनच आज जी १२६ प्रायॉरिटी पोल्युटंट्सची यादी आपण वापरतो ती आली.

ऑरगॅनिक केमिकल्सचा प्रॉब्लेम असा की प्रॉडक्ट्स हजारोंनी. ईपीएच्याच हिशोबाने हजारेक प्लांट आणि पंचवीस हजारांवर प्रॉडक्ट्स. प्रत्येकाची वेगळी लिमिट लिहायला गेलं तर जन्म पुरणार नाही, सत्तरच्या दशकात थोडाफार तसा प्रयत्न झाला तो कोर्टात टिकला नाही. शेवटी ५ नोव्हेंबर १९८७ ला जो नियम निघाला त्यात प्रॉडक्ट्सचे मोठे गट केले आणि आकडे काँसेंट्रेशनमध्ये दिले, फ्लो मात्र प्रत्येकाने आपापला आणायचा. माझ्या मते हा भाग हुशारीचाही आहे आणि डोकेदुखीचाही, कारण फ्लो कोण मोजणार, तर तुम्ही.

पायरी १: आपण यात येतो का ते बघा

एसआयसी कोड (अमेरिकी सरकारचा उद्योगांच्या वर्गवारीचा नंबर) बघा. २८२१, २८२३, २८२४, २८६५ आणि २८६९ यातला काही असेल आणि तुमचं प्रॉडक्ट पार्ट ४१४ च्या गटांत बसत असेल तर तुम्ही आत. औषधं बनवत असाल तर पार्ट ४३९, कीटकनाशकं असतील तर पार्ट ४५५, ते वेगळे नियम. एकाच कुंपणात दोन्ही प्रकारची युनिट्स असणं अगदी कॉमन आहे, तेव्हा दोन्ही नियमांचा हिशोब वेगळा करून शेवटी बेरीज होते, एक घेतला आणि दुसरा सोडला असं चालत नाही.

पायरी २: पाणी जातं कुठे

नदी, खाडी, समुद्र यात थेट जात असेल तर डायरेक्ट डिस्चार्जर, तुम्हाला एनपीडीईएस परमिट, म्हणजे थेट पाणी सोडायचा परवाना, लागतं. शहराच्या सांडपाणी प्लांटला, ज्याला तिकडे पीओटीडब्ल्यू म्हणतात, तिथे जात असेल तर इनडायरेक्ट, मग प्रीट्रीटमेंटचे नियम. दोन्ही रस्ते वेगळे आहेत, खाली आधी डायरेक्ट सांगतो कारण गणित तिथे पूर्ण दिसतं.

पायरी ३: ड्रेनच्या मागे चालत जा

ही पायरी लोक ऑफिसात बसून ड्रॉइंगवर करतात. करू नका. जुन्या प्लांटची ड्रॉइंग्ज आणि जमिनीखालचे पाइप यांचं पटतंच असं नाही, कुणीतरी कधीतरी एखाद्या शटडाउनमध्ये लाइन फिरवलेली असते आणि ती कागदावर आलेली नसते. तेव्हा बूट घाला, ऑपरेटरला बरोबर घ्या (रात्रपाळीचा असेल तर उत्तम, त्याला माहीत असतं कुठला पंप कुठे ओकतो) आणि प्रत्येक ड्रेन कुठून कुठे जातो ते लिहून काढा.

लिहिताना एकच प्रश्न विचारायचा, हे प्रोसेसचं पाणी आहे का? नियमात व्याख्या सरळ आहे, उत्पादन चालू असताना जे पाणी कच्चा माल, इंटरमिजिएट, तयार माल, बायप्रॉडक्ट किंवा वेस्ट यांच्या थेट संपर्कात येतं किंवा त्यांच्या उत्पादनातून, वापरातून निघतं ते प्रोसेस वेस्टवॉटर. म्हणजे रिॲक्शनमध्ये तयार झालेलं पाणी, डिकँटरचा पाण्याचा थर, प्रॉडक्ट धुतलेलं पाणी, रिॲक्टर आणि टाक्या धुतलेलं, प्रोसेसची वाफ ओढणाऱ्या स्टीम इजेक्टरचं कंडेन्सेट, व्हॅक्यूम पंपाचं सील वॉटर, प्रोसेस व्हेंटच्या स्क्रबरचं पाणी, हे सगळं आत. नॉन काँटॅक्ट कूलिंगचं पाणी, बॉयलर ब्लोडाउन, टॉयलेट आणि कँटीनचं पाणी, स्वच्छ पावसाचं पाणी, हे बाहेर. घाण झालेलं पावसाचं पाणी मधेच लटकतं, त्याला काही वाटा द्यायचा का हे परमिट लिहिणारा (सरकारी अधिकारी) स्वतःच्या विवेकावर ठरवतो, म्हणून ते वेगळं मोजून ठेवलंत तर बोलायला जागा राहते.

आता यात गोची कशी होते बघा. कूलिंगचं पाणी प्रोसेसमध्ये धरलं तर फ्लो फुगतो आणि लिमिट फ्लोवर असल्यामुळे परवानगीचे किलोही फुगतात. कुणाला वाटेल वा, बरंच झालं. पण परमिट लिहिणारा वॉटर बॅलन्स मागतो, किती पाणी आलं, किती वाफ झाली, किती प्रॉडक्टमध्ये गेलं, किती बाहेर पडलं, आणि तो ताळा लागला नाही की तुमच्या पुढच्या प्रत्येक आकड्यावर संशय सुरू होतो. शिवाय फ्लो घेताना नेहमीच्या चालीतला, प्रातिनिधिक, लांब मुदतीचा सरासरी फ्लो घ्यायचा, एखाद्या धुलाईच्या दिवशीचा पीक नाही आणि डिझाइन कपॅसिटी तर अजिबात नाही.

पायरी ४: गट ओळखा आणि बीओडी, टीएसएस काढा

पार्ट ४१४ मध्ये सबपार्ट बी ते एच हे प्रॉडक्टचे गट. बी रेयॉन, सी इतर फायबर, डी थर्मोप्लास्टिक रेझिन, ई थर्मोसेटिंग रेझिन, एफ कमॉडिटी ऑरगॅनिक, जी बल्क ऑरगॅनिक, एच स्पेशॅलिटी ऑरगॅनिक. शेवटच्या तिघांत नवीन माणूस हमखास अडकतो, त्याला वाटतं आपण कमी बनवतो म्हणजे आपण स्पेशॅलिटी. तसं नाही. विभागणी करताना देशभरातलं एकूण उत्पादन बघितलं होतं, वर्षाला १ अब्ज पाउंड आणि वर असेल तर कमॉडिटी, ४ कोटी ते १ अब्ज बल्क, त्याखाली स्पेशॅलिटी. एथिलीन ग्लायकॉल, ॲसिटोन, फिनॉल, स्टायरीन हे कमॉडिटी, मग तुम्ही ते बादलीभर बनवा नाहीतर जहाजभर. नियमात यादी दिलीय, यादीत नाव शोधा आणि तोच गट घ्या.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, टीएसएस म्हणजे पाण्यात तरंगणारे घन कण. आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, आधी एका दिवसाचा कमाल आणि मग महिन्याची सरासरी. कमॉडिटीला बीओडी ८० आणि ३०, टीएसएस १४९ आणि ४६. बल्कला बीओडी ९२ आणि ३४, टीएसएस १५९ आणि ४९. स्पेशॅलिटीला १२० आणि ४५, टीएसएस १८३ आणि ५७. पीएच सगळ्यांना ६ ते ९.

एक काल्पनिक प्लांट घेऊ. रोजचं प्रोसेसचं पाणी १००० घनमीटर, त्यातलं ६०० कमॉडिटी युनिटचं आणि ४०० बल्क युनिटचं. मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले घनमीटर भागिले हजार केलं की थेट किलो येतात. महिन्याच्या सरासरीचा बीओडी म्हणजे ६०० गुणिले ३० चे १८ किलो, अधिक ४०० गुणिले ३४ चे १३.६ किलो, एकूण ३१.६ किलो रोज. दिवसाचा कमाल तसाच, ४८ अधिक ३६.८, म्हणजे ८४.८ किलो. टीएसएस ४७.२ आणि १५३. अमेरिकी परमिटात हे पाउंडात असतं, तिथे मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले दशलक्ष गॅलन गुणिले ८.३४, हा ८.३४ तुम्हाला प्रत्येक कागदावर दिसणार आहे तेव्हा आत्ताच दोस्ती करून घ्या.

पायरी ५: विषारी पदार्थ

इथे प्रॉडक्टचा गट सोडून द्यायचा. प्रश्न एवढाच की पाइपच्या शेवटी बायॉलॉजिकल ट्रीटमेंट, म्हणजे जंतूंकडून घाण खाववणारी, आहे का. असेल तर सबपार्ट आय, नसेल तर सबपार्ट जे. तुमचं एकूण ओसीपीएसएफ उत्पादन वर्षाला ५० लाख पाउंड किंवा कमी असेल आणि प्लांट जुना असेल तर हे दोन्ही तक्ते लागत नाहीत, बीपीटी म्हणजे पायरी ४ तलीच लेव्हल पुरते. लहान प्लांटवाल्यांना हे कुणी सांगत नाही.

आय आणि जे दोन्हीत साठेक पदार्थ आहेत. सबपार्ट आयमध्ये बेंझीन दिवसाला १३६ आणि महिन्याची सरासरी ३७ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, टोल्युईन ८० आणि २६, फिनॉल २६ आणि १५. जेमध्ये बेंझीन १३४ आणि ५७. आपल्या काल्पनिक प्लांटला आय लावला तर बेंझीन १००० घनमीटरला सरासरी ३७ ग्रॅम रोज आणि कमाल १३६ ग्रॅम. ग्रॅम बरं का, किलो नाही. हजार घनमीटर पाण्यात सदतीस ग्रॅम.

आता सुरुवातीचा तो ३० वाला माणूस. समजा त्याच्या शेवटच्या पाइपात प्रोसेसच्या १००० घनमीटरबरोबर १५०० घनमीटर कूलिंगचं पाणी मिसळतंय आणि सँपल तिथून घेतलंय. ३० मायक्रोग्रॅम गुणिले २५०० म्हणजे ७५ ग्रॅम. परवानगी सरासरी ३७ ची. पासवाला चक्क दुपटीने नापास. आणि पाणी मिसळून काँसेंट्रेशन खाली आणायचं म्हणाल तर किलोग्रॅमला फरक पडत नाही, म्हणूनच तर लिमिट किलोत ठेवलीय. पाणी फारच मिसळत असेल आणि लॅबला काही दिसेनासं होत असेल तर परमिट लिहिणारा आतल्या बाजूला, मिसळण्याआधी सँपल पॉइंट लावू शकतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. बेंझीन, टोल्युईन, क्लोरोफॉर्म असले उडणारे पदार्थ एअरेशन टँकमध्ये गेले की सगळे जंतू खात नाहीत, बराच भाग हवेत उडून जातो. पाण्याचा रिपोर्ट सुंदर आणि टँकशेजारी उभं राहवत नाही. ईपीएने लिमिट काढताना जी टेक्नॉलॉजी डोळ्यासमोर ठेवली त्यात बायॉलॉजिकलच्या आधी स्टीम स्ट्रिपिंग (वाफ सोडून उडणारे पदार्थ पाण्यातून काढणं) होतं ते यासाठीच, म्हणजे उगमाजवळच काढा आणि जमलं तर परत प्रोसेसमध्ये घाला. नियम तुमच्यावर टेक्नॉलॉजी लादत नाही, लिमिट पाळा, कशी पाळायची ते तुम्ही ठरवा. पण स्ट्रिपर टाळून एअरेशनवर भागवणाऱ्यांना पुढे हवेचे नियम गाठतात.

पायरी ६: धातू आणि सायनाइड, इथे सगळ्यात जास्त गडबड

क्रोमियम, कॉपर, लेड, निकेल, झिंक आणि सायनाइड यांचा फ्लो वेगळा धरायचा. फक्त मेटल बेअरिंग स्ट्रीमचा, म्हणजे ज्या युनिटच्या पाण्यात तो धातू प्रोसेसमुळे येतो (कॅटॅलिस्ट वगैरे) तेवढ्याच पाण्याचा, आणि सायनाइडला फक्त सायनाइड बेअरिंग स्ट्रीमचा. कुठली प्रोसेस कशात येते त्याची यादी पार्ट ४१४ च्या अपेंडिक्स ए मध्ये आहे. यादीत नसलेला स्ट्रीमही परमिट देणारी अथॉरिटी त्यात घेऊ शकते. अपेंडिक्स बी मध्ये काँप्लेक्स झालेले धातू, जे नेहमीच्या पद्धतीने खाली बसत नाहीत, त्यांची लिमिट केस बघून ठरते.

झिंक घ्या, २६१० आणि १०५० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. आपल्या प्लांटमध्ये झिंकवाला स्ट्रीम ५० घनमीटर असेल तर सरासरी ५२.५ ग्रॅम रोज आणि कमाल १३०.५. कुणी हाच आकडा १००० घनमीटरला लावला तर होतात १०५० ग्रॅम, म्हणजे वीस पट. असा अर्ज भरलात आणि परमिट लिहिणाऱ्याने पकडला तर लाजिरवाणं, नाही पकडला तर आणखी वाईट, कारण पुढच्या नूतनीकरणात कुणीतरी पकडतोच आणि मग अचानक तुमची लिमिट वीस पट आवळली जाते, तोवर ट्रीटमेंट मात्र जुन्या आकड्यावर बांधलेली. (व्हिस्कोस प्रोसेसचं रेयॉन आणि झिंक क्लोराइडवालं ॲक्रिलिक फायबर यांना झिंकची लिमिट मुद्दाम सैल आहे, ६७९६ आणि ३३२५.)

पायरी ७: नदीचा हिशोब

वरचं सगळं पाळूनही नदीला ते झेपत नसेल तर परमिटात पाण्याच्या गुणवत्तेवरची वेगळी लिमिट येते आणि दोन्हीतली जी कडक ती लागते. छोट्या ओढ्यात सोडत असाल तर हीच खरी लिमिट ठरते, टेक्नॉलॉजीवाली नुसती कागदावर. माशांवर किंवा बारीक जलचरांवर करायची टॉक्सिसिटी टेस्टही मागितली जाऊ शकते.

पायरी ८: सँपल

मेथड्स पार्ट १३६ मधल्याच वापरायच्या. उडणाऱ्या पदार्थांना ६२४.१, सेमी व्होलाटाइलना (कमी उडणाऱ्यांना) ६२५.१. व्होलाटाइलचं सँपल ग्रॅबच, म्हणजे एकाच वेळी एकदम भरलेलं, ४० मिलिलिटरच्या बाटलीत काठोकाठ, वर हवेचा एकही बुडबुडा नको, बाटली उलटी करून बघा. थोडं थोडं पाणी गोळा करणाऱ्या ऑटोमॅटिक काँपोझिट सँपलरमध्ये चोवीस तास पडलेल्या पाण्यात बेंझीन शोधणं म्हणजे स्वतःची फसवणूक. बीओडी आणि टीएसएसला काँपोझिट चालतं. सायनाइडला सोडियम हायड्रॉक्साइड, धातूंना नायट्रिक ॲसिड, बाकी बहुतेकांना बर्फ, ६ अंशाच्या खाली पण गोठवू नका. सेमी व्होलाटाइलचं एक्स्ट्रॅक्शन ७ दिवसांत, बीओडी ४८ तासांत सुरू. शुक्रवारी संध्याकाळी सँपल घेऊ नका, लॅब सोमवारी उघडते.

आता एक गोष्ट जी तक्ता बघून कळत नाही. महिन्याची सरासरी म्हणजे त्या महिन्यात तुम्ही जेवढी सँपल घेतली त्यांची सरासरी. एकच घेतलं तर तेच सरासरी! आपल्या प्लांटमध्ये, १००० घनमीटर फ्लोला, महिन्यातलं एकमेव सँपल ८० मायक्रोग्रॅम आलं तर ८० ग्रॅम, दिवसाच्या १३६ मध्ये आरामात बसतं पण महिन्याच्या ३७ ला फेल. त्याच महिन्यात आणखी दोन घेतली आणि १० नि १२ आली तर सरासरी ३४, पास. म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच सँपल घ्या, वाईट आलं तर हातात दिवस राहतात. पण हे दुधारी आहे, मान्य मेथडने त्या पॉइंटवर घेतलेलं प्रत्येक सँपल रिपोर्ट करावंच लागतं, आवडलं नाही म्हणून ड्रॉवरमध्ये टाकता येत नाही.

पायरी ९: रिपोर्ट

ठरल्या मुदतीत डीएमआर (सँपलच्या निकालांचा रिपोर्ट) भरायचा, आता ऑनलाइनच. त्यावर जबाबदार अधिकाऱ्याची सही असते आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं तर फौजदारी गुन्हा. आरोग्याला किंवा पर्यावरणाला धोका होईल असं काही घडलं तर कळल्यापासून २४ तासांत तोंडी, ५ दिवसांत लेखी. रेकॉर्ड किमान ३ वर्षं. परमिट जास्तीत जास्त ५ वर्षांचं, नूतनीकरणाचा अर्ज संपायच्या १८० दिवस आधी. वेळेत अर्ज दिला असेल आणि उशीर सरकारी बाजूने झाला तर जुनं परमिट साधारणपणे चालू राहतं, तुम्ही उशीर केलात तर तो आधार जातो.

इनडायरेक्ट असाल तर

सबपार्ट के. इथे बीओडी, टीएसएस नाहीत कारण शहराचा प्लांट ते करतोच, जे पदार्थ शहराच्या प्लांटमधून तसेच पलीकडे निसटतात त्यांचीच यादी आहे. फिनॉल नंतर यादीतून काढलं गेलं ते याच कारणाने. धातूंमध्ये फक्त लेड आणि झिंक, शिवाय सायनाइड. गणित तेच, प्रोसेस फ्लो गुणिले आकडा. दुसऱ्या प्रकारचं पाणी ट्रीटमेंटच्या आधी मिसळत असेल तर पार्ट ४०३ मधला कंबाइंड वेस्टस्ट्रीम फॉर्म्युला लावायचा, त्यात कूलिंग आणि सॅनिटरी पाणी डायल्यूशन म्हणून वजा होतं. याशिवाय सगळ्यांना लागू असलेल्या बंदी, पीएच ५ च्या खाली नको, क्लोज्ड कप फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सियसच्या खाली नको, शहराच्या प्लांटला पोचताना तिथलं पाणी ४० अंशाच्या वर जाईल इतकी उष्णता नको, कामगारांना त्रास होईल असे वायू नकोत. वर्षातून निदान दोनदा, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये रिपोर्ट. लिमिट मोडली तर कळल्यापासून २४ तासांत कळवायचं आणि ३० दिवसांत परत सँपल घेऊन निकाल द्यायचा. शहराच्या स्वतःच्या लोकल लिमिटही असतात, त्या फेडरलपेक्षा कडक असू शकतात, परमिटच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात.

शेवटचं एक, नवीन काम हातात घेताय तर पीएफएएसकडे, म्हणजे सहज न मोडणाऱ्या फ्लोरिनेटेड रसायनांकडे, लक्ष ठेवा. १९८७ च्या तक्त्यांत ते नाहीतच. मार्च २०२१ मध्ये ईपीएने पीएफएएस बनवणाऱ्या आणि फॉर्म्युलेट करणाऱ्या प्लांटसाठी ओसीपीएसएफमध्ये बदल करायचा विचार असल्याची पूर्वसूचना काढली होती. फेडरल तक्ता बदलायच्या आधीच तुमच्या परमिटात पीएफएएसचं मॉनिटरिंग येऊ शकतं, तेव्हा ड्रेन सर्व्हे करताना फ्लोरिनेटेड कच्चा माल आणि ॲडिटिव्ह कुठल्या स्ट्रीममध्ये जातात तो एक कॉलम आत्ताच वाढवून ठेवा.